दर्शनाची तीन उत्तरं

प्रिती धुरीने वीस वर्षांत लोकांना काय काय विचारलं होतं! साबण कुठला लावता, मत कुणाला देणार, अमुक जाहिरात आठवते का, घरात मच्छर जास्त कुठल्या महिन्यात होतात. दार अर्धंच उघडणारी माणसं, "आम्हाला काही नको" म्हणून ते लोटून देणारी माणसं, आणि चहा पाजल्याशिवाय सोडतच नाहीत अशी माणसं, सगळी तिला पाठ. सर्व्हेच्या कामात ती अशी मुरलेली होती म्हणूनच सत्तेचाळिसाव्या वर्षी कंपनीने तिला फेरतपासणीवर घेतलं. नव्या मुलींनी घरोघर जाऊन फॉर्म भरायचे, आणि दहातल्या एका घरी प्रितीने पुन्हा जाऊन त्यातले निवडक बारा प्रश्न पुन्हा विचारायचे. उत्तरं जुळली तर फॉर्म खरा. पाचाहून जास्त चुकली तर मुलीने तो टपरीवर चहा पीत भरलाय असं धरायचं, आणि तिला घरी पाठवायचं.

या वेळचं काम मात्र साबणाचं नव्हतं. परळला जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या टॉवरमध्ये ट्रेनिंग झालं, तेव्हा राजरत्न सरांनी, म्हणजे त्यांच्या सुपरवायझरने, सगळ्यांना नीट समजावून सांगितलं होतं.

"बायकांच्या बाबतीत कुठल्या देशात किती भेदभाव होतो, ते मोजायचंय. कायदा काय म्हणतो ते वकील बघतायत. घरात काय चालतं आणि लोकांच्या मनात काय असतं, ते आपण बघायचं. किती देशांत हेच प्रश्न विचारतायत आत्ता. शेवटी दोन्ही मिळून प्रत्येक देशाला एक आकडा. शून्य म्हणजे भेदभाव अजिबात नाही, शंभर म्हणजे नुसता भेदभाव." मग प्रितीकडे वळून ते म्हणाले, "आणि मॅडम, तो आकडा तुमच्या तपासणीवर उभा राहणार."

प्रितीला ते ऐकून बरं वाटलं होतं.

भोईवाड्यातल्या त्या चाळीत ती एका सोमवारी अकराच्या सुमाराला गेली. दुसरा मजला, डावीकडून चौथी खोली. यादीत नाव होतं दर्शना, वय एकतीस, दादरला चष्म्याच्या दुकानात नोकरी. सोमवारी दुकान बंद, म्हणून सापडली. कपाळावर डाव्या बाजूला भाजल्याचा छोटा डाग असलेली, हळू बोलणारी बाई. सासू रेशनला गेली होती. दर्शनाने पाणी दिलं आणि ती माळ्याच्या शिडीला टेकून बसली.

"बाहेर जायचं असेल तर बायकोने आधी नवऱ्याला विचारायला हवं. पटतं, पटत नाही, की सांगता येत नाही?"

दर्शनाने वर बघितलं, जरा विचार केला. "पटतं."

"नोकऱ्या कमी असतील तर आधी पुरुषांना मिळाव्यात."

"पटतं. त्यांच्यावर घर असतं ना."

"घरकाम हे बाईचंच काम आहे."

पुन्हा तिची नजर वर गेली. "तसंच असतं हो ताई. आमचे हे बिचारे दमून येतात. पटतं."

बारा प्रश्नांना वीस मिनिटंही लागली नाहीत. प्रितीच्या टॅबवर आधीची उत्तरं दिसत नसत. सगळं भरून पाठवलं की मगच ताळा समोर यायचा. जिना उतरताना तिने पाठवलं आणि पडदा लालभडक झाला. बारापैकी नऊ चुकीची.

ती पायरीवरच थांबली. पहिला फॉर्म उघडून बघितला, तर जवळपास सगळं बरोबर उलटं. नवऱ्याला विचारायला हवं का, पटत नाही. आधी पुरुषांना नोकरी, पटत नाही. घरकाम बाईचं, पटत नाही. भरणारीचं नाव श्रेया, राहणार वरळी, बीडीडी चाळ. तेवीस वर्षांची, एम.ए. करणारी पोरगी. प्रितीच्या मनात लगेच चित्र उभं राहिलं. शिकलेल्या मुलीला जे बरोबर वाटतं ते तिने या बाईच्या नावावर खपवलं असणार.

दुसऱ्या दिवशी तिने श्रेयाला परळ नाक्यावर बोलावलं आणि आडपडदा न ठेवता विचारलं. श्रेयाचा चेहरा एवढासा झाला.

"मॅडम, मी सत्तेचाळीस मिनिटं बसले होते तिथे. टॅबमध्ये वेळ आहे, जागेची नोंद आहे. मध्येच त्या कपडे काढायला गॅलरीत गेल्या, मी थांबले. डाव्या बाजूला भाजल्याचा डाग आहे ना? दुसऱ्या कोणाला विचारलं असेल मी?"

"डाग आहे," प्रिती म्हणाली.

"आणि घरात सगळं मिळून करतात. त्याच म्हणाल्या की विनीत भाकऱ्या माझ्यापेक्षा चांगल्या थापतो."

"विनीत म्हणाली? नावाने?"

"हो. का?"

"माझ्यासमोर 'आमचे हे' म्हणत होती."

प्रितीने टॅब उघडून पुन्हा बघितलं. जागेची नोंद खरी होती, वेळ खरी होती, डाग खरा होता. बाई तीच आणि उत्तरं दोन टोकांची. पंधरा दिवसांत बाईचं एवढं मतपरिवर्तन?  अहवाल शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. तिने राजरत्न सरांना फोन करून चार दिवस वाढवून घेतले, कारण मात्र सांगितलं नाही. एका घरी एकदाच जायचं, असा नियम होता. तरी पुढच्या सोमवारी तिचे पाय भोईवाड्याकडे वळले.

या वेळी दारात सासू होती. जाईबाई. सत्तरी ओलांडलेली, काटक, पदर खोचून सुंगटं, म्हणजे कोलंबी, सोलत बसलेली.

"दर्शना पिठाच्या गिरणीवर गेलीय. बस गो बाय, उभी नको राहू," ती म्हणाली. "ती वरळीची चेडू आली होती ना, त्यांतलीच तू? छान प्रश्न विचारले हो तिने. आमच्या वेळी असं कोणी विचारलं नाय."

"तुम्ही ऐकलेत?"

"ऐकले म्हणजे? त्या दोघी तिथे, मी हयसर, अशी मध्ये बसलेली. आमच्या घरात लपवाछपवी नाय." तिने एक सुंगट सोलून टोपात टाकलं. "तुला सांगते, मी कापडगिरणीत वाइंडिंग खात्यात होते. अकरा वर्षं. एक दिवस दुपारपाळीला गेले, तर मुकादम म्हणतो, जाईबाई, तुम्ही काम सोडलंत ना? नवऱ्याने परस्पर जाऊन सांगितलेलं. मला विचारलं पण नाय. मी डबा हातात घेऊन तशीच उभी. मग परत आले. काय करणार? पण तेव्हाच ठरवलं, माझा झील, हा विनीत, असा होऊ देणार नाय. त्याला भांडी घासायला शिकवलं, भाकरी शिकवली. सून आली तिलाही पहिल्या दिवशी बजावलं, या घरात नवऱ्याला नावाने हाक मारायची, कुठे जायचं तर त्याची परवानगी मागायची नाय, आणि नोकरी सोडायची नाय. मागितलीस परवानगी तर माझ्याशी गाठ आहे."

"आणि ऐकतात त्या?"

"ऐकल्याशिवाय काय करते!" जाईबाई समाधानाने म्हणाली.

प्रितीच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला, पण त्या प्रकाशात दिसलं ते भलतंच होतं. सासूच्या धाकाने सून जुनाट उत्तरं देते, असं ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. इथे सासूच्या धाकाने सून समानतेची उत्तरं देत होती. म्हणजे खरं ते, जे तिने सासू नसताना प्रितीला सांगितलं. नवऱ्याला विचारावं, घरकाम बाईचं. प्रितीला वाईटही वाटलं आणि कोडं सुटल्यासारखंही झालं.

जिना उतरली तर समोरून दर्शना पिठाचा डबा घेऊन येत होती. प्रितीला बघून तिचा चेहरा उतरला.

"ताई, तुम्ही परत? आईंना काही बोललात?" सासूला ती आई म्हणायची.

"नाही, काही नाही. पाच मिनिटं बसूया का कुठे?"

कोर्टाजवळ रसवंती होती. तारखेला आलेली माणसं पिशव्या मांडीवर घेऊन उसाचा रस पीत होती. दोघी कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या, डबा मधे ठेवला.

"दर्शना, मला सगळं कळलं," प्रिती म्हणाली. "पहिल्या वेळी सासूबाई बसल्या होत्या म्हणून त्यांना आवडेल ते सांगितलंत. मी आले तेव्हा घरात कोणी नव्हतं, म्हणून मनातलं सांगितलंत. बरोबर?"

दर्शनाने पेला खाली ठेवला. "कोणी नव्हतं असं नाही."

"म्हणजे?"

"हे होते ना. माळ्यावर. रात्रपाळी करून आले की झोपतात. त्या दिवशी जागेच होते, कूस बदलल्याचा आवाज आला मला."

प्रितीला ती शिडी आठवली आणि पुन्हा पुन्हा वर जाणारी दर्शनाची नजरही. बाई विचार करतेय असं तिला वाटलं होतं.

"मग ते नवऱ्यासाठी सांगितलंत?"

"त्यांना बरं वाटतं. आई दिवसभर त्यांना घालून पाडून बोलतात, बाप तसा तू, बाप तसा तू. ते बापासारखे नाहीत हो. कधी आवाजसुद्धा चढवत नाहीत. म्हटलं, निदान मी तरी त्यांच्या बाजूने बोलावं."

"बरं. मग तुमचं स्वतःचं काय? इथे सासूबाई नाहीत, मिस्टर नाहीत."

"तुम्ही आहात ना."

"अहो, मी कोणीच नाही."

दर्शना हसली. "असं कसं? तुम्हाला पण काहीतरी बरोबर वाटत असेलच."

 प्रितीने टॅब पिशवीत ठेवून दिला आणि बारा प्रश्न तोंडपाठ विचारायला घेतले. पहिल्यालाच दर्शना म्हणाली, "सांगता येत नाही." घरकामाचं विचारलं. सांगता येत नाही. नोकरीचं विचारलं, तेव्हा मात्र ती बोलायला लागली.

"ताई, मला दोन महिने घरी बसायचंय. काहीही न करता. दिवसभर उभं राहून गुडघे गेलेत माझे. यांना सांगितलं तर म्हणतात, बस की. लगेच. इतक्या लगेच म्हणतात की मलाच संशय येतो. आईंना सांगितलं तर म्हणतात, बसलीस की संपलीस. मग मी विचार करते, मला बसायचंय ते गुडघ्यांमुळे, की यांना हवंय म्हणून? आणि बसत नाही ती मला नोकरी हवी म्हणून, की आईंना घाबरून? आता तुम्ही सांगा, पटतं लिहिणार की पटत नाही?"

 प्रिती पुढच्या प्रश्नावर गेली. नवऱ्याने बायकोवर हात उचलणं कधी योग्य ठरतं का? हे उत्तर तरी सरळ येईल अशी तिला आशा होती.

"नाही," दर्शना लगेच म्हणाली. "हे पक्कं लिहा." आणि पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत तिने विचारलं, "सासूने उचलला तर? त्याला रकाना आहे?"

"का? काय झालं?"

"काही नाही. गणपतीत माहेरी जायचं होतं. मी यांना विचारलं, जाऊ का म्हणून. सवय असते हो, माझी आईसुद्धा विचारायची. आमच्या आईंनी ऐकलं. आल्या आणि एक ठेवून दिली. म्हणाल्या, विचारतेस कोणाला? तू काय त्याची बांधलेली आहेस? मग स्वतःच रडत बसल्या. आणि संध्याकाळी माझी बॅग त्यांनीच भरली."

रसवंतीच्या चरकाचे घुंगरू वाजत होते. प्रितीने मनातल्या मनात अख्खा फॉर्म चाळला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत असा रकाना कुठेच नव्हता.

बाराच्या शेवटी हिशेब असा झाला की दर्शनाने पाच प्रश्नांना ठाम उत्तरं दिली. त्यातली तीन सासूसमोर दिलेल्यांसारखी होती, एक नवऱ्याला ऐकवलेल्यासारखं आणि एक दोन्हींसारखंही नव्हतं. उरलेल्या सातांना सांगता येत नाही. तिनाहून जास्त 'सांगता येत नाही' आली तर फॉर्म बाद, हा दुसरा नियम प्रितीला आठवला.

घरी लालबागला जाताना बसमध्ये तिने ते प्रश्न स्वतःला विचारून बघितले. घरकाम बाईचंच? छे, पटत नाही. तिचा नवरा गौतम रोज संध्याकाळी भांडी घासतो. पण तो भांड्यांना बसला की गॅलरीकडचं दार लावून घेतं कोण? गौतमला तर काहीच वाटत नाही. दार लावते ती स्वतः. शेजारच्या बायका काय म्हणतील म्हणून. मग आता तिने काय लिहायचं? तिला वाटलं होतं, दर्शनाचा गोंधळ त्या खोलीपुरता आहे. आता तो बसमध्ये तिच्या शेजारी येऊन बसला होता. एक थांबा पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं की लालबाग मागे राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती टॉवरमध्ये राजरत्न सरांसमोर बसली आणि तिने सगळं सांगितलं. चापटीचं तेवढं दर्शनाचं खासगी म्हणून गाळलं. राजरत्न सर भले गृहस्थ होते. त्यांनी मधे न तोडता ऐकून घेतलं.

"दोनदा गेलात? नियम एकदाचा आहे."

"माहीत आहे, सर."

"मग खरं उत्तर कुठलं?"

"तेच तुम्हाला विचारायला आलेय."

सरांनी पहिला फॉर्म उघडला. "मुलाखतीच्या वेळी दुसरं कोणी हजर होतं का, हा रकाना आहे बघा. श्रेयाने प्रामाणिकपणे लिहिलंय, हो, सासू. दुसरं कोणी असलं तर बाई दबून बोलते, असं आपण धरतो. आणि दबून बोलली म्हणजे जुनं बोलते. पण इथे ती दबून…" ते थांबले. "दबून नवं बोलली. मग याला भेदभाव कमी म्हणायचा की जास्त?"

"सासूबाईंना वाटतं, त्यांनी भेदभाव संपवला."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटायचं बंद झालंय, सर."

राजरत्न सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "दुसऱ्या देशांत पण माळे असतील का हो, मॅडम?" त्यांनी विचारलं, आणि आपण हे काय विचारलं म्हणून स्वतःच ओशाळले. मग आवाज बदलून म्हणाले, "हे बघा, माझ्याकडे दोनच बटणं आहेत. खरा आणि बनावट. बनावट दाबलं तर ती मुलगी जाईल. खरा दाबलं तर पहिली उत्तरं पुढे जातील. तिसरं बटण मी वर मागू शकतो, पण ते येईस्तोवर हा सर्व्हे संपलेला असेल. तपासनीस तुम्ही आहात. तुम्ही सांगाल ते."

प्रितीने श्रेयाचा फॉर्म पुन्हा वाचला. त्यातलं अक्षर न् अक्षर दर्शनाच्या तोंडून आलेलं होतं आणि तरी ते दर्शनाचं नव्हतं. पण ती पोरगी खोटं बोललेली नव्हती. एवढी एकच गोष्ट या सगळ्यात प्रितीला नक्की सांगता येत होती. तिने 'खरा' दाबलं. खाली ओळ आली, वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे सत्य आहे. हजारदा तिने ती न वाचता पुढे ढकलली होती. आज वाचली, 'समजुतीप्रमाणे' या शब्दावर थोडी अडखळली, आणि मग तीही पुढे ढकलली.

श्रेया खाली वाट बघत होती. काम टिकलं म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले. मग डोळे पुसत तिने विचारलं, "पण मॅडम, त्या खरंच काय मानतात?"

"चल, उशीर होतोय," प्रिती म्हणाली.

आठवडाभराने ती काळाचौकीला एक घर शोधत होती, तेव्हा फोन वाजला. दर्शना. प्रत्येक घरी नंबर लिहिलेली चिठ्ठी द्यायची असते, त्यावरून तिने फोन केला होता.

"ताई, तो पहिला प्रश्न. बाहेर जाताना विचारायला हवं का. त्याचं उत्तर सुचलं मला. बदलता येईल?"

"फॉर्म गेला हो."

"कुठे?"

"लांब. तिथे सगळ्या देशांचे एकत्र होतात."

"मग तुम्ही तरी ऐका. विचारू नये. पण सांगावं. त्यांनी पण सांगावं, मी पण सांगावं. असं काही आहे का तुमच्यात?"

"नाही," प्रिती म्हणाली. "पण असायला हवं होतं. चांगलं उत्तर आहे."

"चांगलं वाटलं होतं," दर्शना म्हणाली. "म्हणून काल आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, सांगायचं तरी कशाला? आणि मला ते पण पटलं. यांना विचारलं तर म्हणाले, तुला बरं वाटेल ते कर. बरं काय वाटतं तेच तर कळत नाही ना ताई. आता काय करू?"

प्रिती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. हातात पुढच्या घराचा पत्ता होता, टॅब चालू होता आणि पहिला प्रश्न पडद्यावर येऊन थांबला होता.

"गुडघे कसे आहेत?" तिने विचारलं.

"दुखतात."

"मग डॉक्टरला दाखवा आधी. कोणाला न विचारता."

"आणि सांगायचं?"

प्रितीने पडद्यावरच्या तीन पर्यायांकडे बघितलं. "सांगता येत नाही," ती म्हणाली.